डाव्या हातातली कॉलर

दुपारची जेवणं उरकली की त्या दुकानात अशी एक वेळ यायची, की वाफ आणि ऊन एकमेकांत कालवून जायचं आणि आत उभं असलेलं माणूस जागं आहे की डुलकीत, हे त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. दांडीवर टांगलेले शर्ट बिनमाणसांचे हलायचे. पंख्याचा वारा एखाद्या बाहीत शिरला की ती हळूच उचलायची, काहीतरी सांगायला हात वर करावा तशी, आणि सांगायचं राहूनच गेल्यासारखी खाली पडायची. इस्त्रीच्या टेबलाच्या अलीकडे धाकटी, पलीकडे सासूबाई, आणि मधे कुणाचा तरी शर्ट पाठीवर पडून दोघींचं बोलणं ऐकत असायचा. ऐकत म्हणजे बघत. कारण ते बोलणं हातांचं होतं.

धाकटी म्हणजे त्या घरची धाकटी सून. थोरली जाऊ नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेली त्याला जमाना झाला, तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नाही. सासूबाईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. सासरे होते तोवर ते बायकोशी भुवयांनी बोलायचे, आणि तोच वारसा ते मुलाला देऊन गेले. धाकटीच्या नवऱ्याने एक भुवई उडवली की 'जेवायला काय?' आणि दोन्ही उडवल्या की 'टेम्पोची किल्ली कुठाय?' एवढ्या दोन भुवयांवर त्याने आईबरोबर आख्खं आयुष्य रेटलं होतं, आणि आपल्याला आईची भाषा येते अशी त्याची समजूत होती.

धाकटी मात्र लग्न होऊन आली ती थेट या टेबलाशी उभी राहिली, आणि टेबलाशीच बोलायला शिकली. सासूबाईंच्या उजव्या हातात इस्त्री, म्हणून त्या डाव्याने बोलायच्या. समोर उभी असलेली धाकटी आरशातल्यासारखी उजव्याने उत्तर द्यायची, आणि तिचा डावा हात कॉलर ताणून धरायचा. इस्त्री फिरायची, बोटं फिरायची, कॉलर जागची हलायची नाही. सगळ्या जगाच्या उखाळ्यापाखाळ्या दोघींनी अशा एकेका हाताने काढल्या.

तिला यापेक्षा जास्त काही हवं होतं असं नाही. पण एकदा गिऱ्हाइकांतला एक रंगारी, सासूबाईंसारखाच ऐकू न येणारा, पोट धरून दुकानात आला. नवऱ्याने त्याला टेम्पोत घातला आणि धाकटी सोबत दवाखान्यात गेली. तपासणीच्या खोलीच्या दाराशी बसलेल्या दवाखान्यातल्या बाईंनी तिला अडवलं.

"तुम्ही यांच्या कोण?"

"कोणी नाही. यांचे कपडे आमच्याकडे असतात इस्त्रीला."

"दुभाषी आहात? प्रमाणपत्र आहे?"

"प्रमाणपत्र नाही, पण येतं मला."

"येत असेल हो," बाई काही उद्धट नव्हत्या. "पण मागे एकाच्या मेहुण्याने भलतंच काहीतरी सांगितलं आणि नको तिथे कापायची वेळ आली. तेव्हापासून नियम आहे. तुम्ही बसा बाहेर."

दाराला काच होती. काचेतून धाकटीला रंगाऱ्याची पाठ आणि डॉक्टरचं तोंड दिसत होतं. डॉक्टर बोलत होता आणि रंगारी नंदीबैलासारखी मान हलवत होता. प्रत्येक वाक्याला हो. बाहेर आल्यावर तिने विचारलं, काय म्हणाले? तो हसला, खांदे उडवले, आणि खुणेनं म्हणाला, "चांगला माणूस आहे. पुष्कळ बोलला."

त्याच भिंतीवर कागद लावला होता: दवाखान्याला प्रमाणित दुभाषी हवा आहे. धाकटीने तो दोनदा वाचला. रात्री जेवताना ती एकदम नवऱ्याला म्हणाली, "मला त्या दाराच्या आत बसायचंय."

"कुठल्या दाराच्या?"

"दवाखान्यातल्या."

"अगं, लोक तिथून बाहेर पडायला धडपडतात," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी चौकशी करून, परीक्षेची तयारी करून घेणारा वर्ग कुठे भरतो ते शोधून आला तोच.

वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये सुट्टीच्या दिवशी भरायचा. शिकवणारे मास्तर स्वतः ऐकू न येणारे, काटकुळे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढं हवामान बदलायचं की त्यांच्याकडे बघताना छत्री जवळ ठेवावी. वर्गात धाकटीच्या बाजूला एक नर्सबाई बसायच्या. पहिल्याच दिवशी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: समोरचा 'मला ताप आहे' म्हणाला, तर तुम्हीही 'मला ताप आहे' म्हणायचं. 'त्यांना ताप आहे असं ते म्हणतात' म्हणालात, की तुम्ही मधे खुर्ची टाकून बसलात.

"जन्मभर लोकांचा ताप बघितला," नर्सबाई कुजबुजल्या, "आता आपल्याला चढवून घ्यायचा."

पण धाकटीला ती गोष्ट फार आवडली. तिच्या बोटांना नादच लागला. रस्त्याने चालताना जे कानावर पडेल ते पिशवीच्या आत बोटं बोलायला लागली. कुणी फोनवर म्हणत होता, 'मी येत नाही जा', आणि पुढच्या कोपऱ्यापर्यंत तिला खरंच वाटत राहिलं की आपण कुठेतरी जाणार होतो आणि आता जात नाही. फुलवाली शेजारणीला म्हणाली, 'मला आज काही सुचत नाही', आणि धाकटी घराची वाट सोडून भलत्याच गल्लीत वळली. दोन मुली भांडत होत्या, 'माझ्याशी बोलू नकोस', तर हिने समोरून आलेल्या ओळखीच्या बाईकडे बघून तोंड फिरवलं. घरी पोचेपर्यंत तिच्यात इतके 'मी' गोळा झालेले असायचे की त्यांतला आपला कुठला, हे दाराशी उभं राहून चाचपडावं लागायचं. दुपारी कपड्यांच्या उबदार गठ्ठ्याला टेकून डोळा लागला की स्वप्नात बाजार भरायचा. बाजारात चिडीचूप. सगळी माणसं हातांनी भाव करताहेत, हातांनी हसताहेत, आणि हिला सगळ्यांचं सगळं कळतंय. एवढंच की कुणी तिला 'आणि तू?' असं विचारलं की तिचे हात जड व्हायचे आणि जाग यायची.

एक दिवस मास्तरांनी तिला पुढे बोलावून एक उतारा खुणांमध्ये सांगायला लावला. ती सांगत होती, छान रंगली होती. मास्तर उठले, जवळ आले आणि तिचं डावं मनगट धरून हात वर केला.

"यात काय आहे?"

"काही नाही."

"मग ठेव ना खाली."

वर्ग हसला. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मास्तरांनी हॉलमधला आरसाच ओढून आणला. धाकटीने पाहिलं. उजवा हात हवेत नाचतोय, आणि डावा पोटाशी, तळवा खाली, बोटं किंचित वळलेली, काहीतरी घट्ट ताणून धरून उभा आहे. तिला कळायला क्षणही लागला नाही.

"कॉलर," ती म्हणाली.

"कुणाची?" मास्तरांनी विचारलं, आणि पुन्हा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी एकेक खूण करून दाखवली. घर म्हणजे दोन हातांचं छप्पर. तिच्या घराला एकच उतार होता. भेट म्हणजे दोन बोटांनी समोरासमोर यायचं. तिच्या भेटीत एकटाच माणूस चालत येऊन उभा राहायचा. पुस्तक अर्धंच उघडायचं. "घरातल्या माणसाला कळतं," मास्तर म्हणाले, "कारण उरलेलं अर्धं ते आपल्या पदरचं घालतं. दवाखान्यातला अनोळखी माणूस कुठून घालणार?"

झालं. त्या दिवसापासून डाव्या हाताने तिचा छळ मांडला. खिशात घातला तर खिशाचं कापड ताणून धरायचा. मोकळा सोडला तर मेलेल्या पाखरासारखा लोंबायचा. लक्ष दिलं की खुणा चुकायच्या, लक्ष काढलं की तो आपला पुन्हा पोटाशी, कॉलर धरून तयार. नवरा म्हणाला, "अगं, एवढं ऐकत नसेल तर त्यालाही बहिरा समज आणि खुणा करून सांग." ती हसली, आणि मग बराच वेळ तिला रडू आवरत नव्हतं. परीक्षा जवळ आली होती. दवाखान्यातला तो कागद अजून भिंतीवर होता, पण कागद काय जन्मभर भिंतीवर राहतो?

शेवटी तिने सासूबाईंना सांगितलं. तोपर्यंत सांगितलं नव्हतं. तुम्ही शिकवलेलं अर्धं निघालं, हे कुठल्या तोंडाने आणि कुठल्या हाताने सांगायचं? सासूबाईंनी इस्त्री फिरवता फिरवता सगळं पाहून घेतलं. मग इस्त्री उभी केली. प्लग काढला. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, दोन स्टुलं ओढली, एकावर धाकटीला बसवलं, दुसऱ्यावर तिच्यासमोर बसल्या आणि गिऱ्हाइकाने कपडे तपासून घ्यावेत तसे स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

मग त्या बोलायला लागल्या.

धाकटीने इतक्या वर्षांत सासूबाईंचे दोन्ही हात एकदम हवेत कधी पाहिले नव्हते. घरात सगळ्यांचं मत, की म्हातारी अबोल आहे. अबोल कसली? निम्मीच दिसत होती. अर्ध्या शटरखालून उन्हाची पट्टी आत आली होती आणि वाफ अजून विरायची होती. त्या धुरकट उजेडात ते दोन हात असे उघडले की धाकटी स्टुलाच्या कडेवर येऊन बसली.

सासूबाई त्यांच्या लहानपणीच्या शाळेबद्दल सांगत होत्या. मुलींना तिथेच राहावं लागायचं. वर्गात हात हलवायला बंदी. ओठ वाचा, घशातून आवाज काढा. हात बाकाखाली. पण संध्याकाळी गच्चीवर कुणी यायचं नाही, आणि मुली दिवसभराचं तुंबलेलं सगळं बोलून घ्यायच्या. अंधारात हात दिसेनासे झाले की जिथे असेल तिथे गोष्ट थांबायची. "तुम्हाला झोप येते," सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला नुसता अंधार यायचा."

त्या गच्चीवर मुलींनी मिळून एक गोष्ट रचली होती. रोज थोडी. एक तळं आहे आणि तळ्याच्या खालून आगगाडी जाते. सासूबाईंनी डावा हात आडवा धरला, तळवा खाली, सैल, जरासा हलता. ते पाणी. उजवा हात त्याच्याखालून सरकत गेला. ती गाडी. खिडक्यांमधून मासे आत बघताहेत. उतारूंचे केस वर तरंगताहेत. एका बाईने डबा उघडला तर घास खाली पडण्याऐवजी हळूहळू वर निघाले. आणि वर, पाण्यावर, कुणाला काही पत्ता नाही. फक्त डाव्या हाताची बोटं मधेच किंचित शहारायची, खालून गाडी गेली म्हणून.

धाकटीने नकळत आपला डावा हात पुढे धरला.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "त्याला रिकामा करायला कुणी सांगितलं? रिकामा हात चळतो. त्याला दुसरं काम दे. कॉलर नाही ती. पाणी आहे."

त्यानंतर दुपारी शटर अर्धं यायला लागलं. गिऱ्हाइकं बाहेरून वाकून बघायची आणि शटरखाली चार पाय आणि हलत्या सावल्या पाहून परत जायची. नवऱ्याने दोन्ही भुवया उडवल्या तर आईने किल्ली फेकून त्याला बाहेर घालवलं. धाकटीचा डावा हात आधी पाणी झाला, मग भिंत झाला, मग झाडाचा बुंधा, मग दुसरा माणूस. भेटीला आता दोघे यायला लागले.

परीक्षेला ती गेली तेव्हा हात हलके होते. पहिला भाग आवाजाचा: समोरच्या पडद्यावर एक बाई खुणांनी बोलणार आणि हिने तोंडाने बोलायचं. तो कसा गेला ते तिला नीट आठवेना. आपण कुण्या बाईच्या भावाबद्दल काळजीत होतो, एवढंच आठवलं. दुसरा भाग हातांचा. कानात एका माणसाचा आवाज आला, तो घरातल्या जुन्या फोटोंबद्दल, गाडीबद्दल आणि मुलाच्या फोनबद्दल बोलत होता, आणि धाकटीचे दोन्ही हात निघाले. कसे निघाले म्हणता? इस्त्री झालेल्या चादरीसारखे, एकही सुरकुती नाही. परीक्षकांतला एक तरुण, ऐकू न येणारा, आधी पुढे वाकला. मग त्याच्या कपाळावर आठी आली. मग तो शेजारच्या परीक्षकबाईंकडे बघून हसू दाबायला लागला.

निकालाच्या वेळी त्यानेच तिला समजावलं, अगदी आपुलकीने. आवाजाचा भाग उत्तीर्ण. हातांचा पुन्हा द्यावा लागेल. "फोन म्हणताना तुम्ही हँडल फिरवलंत," तो म्हणाला. "फोटो म्हणताना डोक्यावर कापड घेतलंत. गाडी सुरू करताना पुढे वाकून काहीतरी गरगर फिरवलंत. मला एक सांगा, तुम्ही कुठल्या काळातून आलात?"

घरी परतताना तिला आपलंच हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन हात मिळाले, पण म्हातारीचे मिळाले.

सासूबाईंनी ऐकून, म्हणजे पाहून घेतलं आणि विचारलं, "त्यांना कळलं की नाही?"

"कळलं."

"मग?"

"तसे फोन आता नसतात."

सासूबाईंनी फळीवरचा मोबाईल उचलला, उलटा केला, सुलटा केला, नखाने त्यावर टकटक केलं. "हा फोन? ही तर पाटी आहे." मग तो परत फळीवर ठेवला. "लग्न झाल्यापासून," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्यासारखं कुणी भेटतच नव्हतं. एखादा रंगारी, एखादी भांडीवाली. तेही कपडे घेऊन जायच्या घाईत. नव्या खुणा मला कोण सांगणार?" आणि लगेच, चेहरा बदलून: "सुट्टीच्या दिवशी मी येते. तुझ्या मास्तरला बघायचंय मला."

त्या आल्या. ठेवणीतले कपडे, आणि ते इस्त्रीवालीचे, म्हणजे विचारायलाच नको. हॉलच्या दारात त्या अडखळून उभ्या राहिल्या. आत मास्तर होते, वर्ग होता, आणि मास्तरांना भेटायला नेहमी येणारी दहा-पंधरा ऐकू न येणारी माणसं कोंडाळं करून बसली होती. सगळ्यांचे हात चालू. धाकटीने मागून हलकेच ढकललं तरी सासूबाई हलेनात. बघतच राहिल्या. जणू गच्चीवर अजून उजेड आहे आणि कुणी खाली बोलावलेलं नाही.

मग मास्तरांशी अशी काही जुंपली! फोनच्या खुणेवरून. सासूबाईंचं म्हणणं, हँडल फिरवल्याशिवाय फोन लागेलच कसा? मास्तरांचं म्हणणं, आजी, आता अंगठा आणि करंगळी, बस. "ही तर गाईची शिंगं," सासूबाई म्हणाल्या, आणि आख्खं कोंडाळं हसून लोळलं. नर्सबाईंनी धाकटीला कोपराने ढोसलं, "काय म्हणतात काय त्या?" पण धाकटीलाही सगळं पकडता येत नव्हतं, इतक्या झरझर सासूबाई बोलत होत्या. त्यांना धाकटीची गरजच नव्हती तिथे.

त्या दर सुट्टीला जायला लागल्या. नव्या खुणा घेऊन यायच्या आणि टेबलाशी धाकटीकडून घोटून घ्यायच्या. धाकटीचा हात चुकून हँडलकडे गेला की ज्या बाईने ते हँडल शिकवलं तीच पट्टीने टेबलावर मारायची. ऐकू येत नसून मारायची, धाकटीला दचकवायला. "जुनं तुझ्या-माझ्यात," त्या म्हणायच्या. "परीक्षेत पाटीवालं." दवाखान्यातला कागद मधे एकदा निघाला आणि कुणी टिकलं नाही म्हणून पुन्हा लागला, हे नर्सबाईंकडून कळलं, आणि धाकटीने त्या दिवशी तीन शर्ट उलट्या बाजूने इस्त्री केले.

दुसऱ्या परीक्षेत कानातला आवाज एका पोहायला शिकणाऱ्या बाईचा होता. धाकटीला एवढंच जाणवलं की पाणी गार आहे आणि आपले पाय टेकत नाहीत. घाबरायचं कारण नाही, असं कुणीतरी म्हणालं. ते तिच्याच हातांनी म्हटलं.

निकालाचा संदेश मोबाईलवर आला तेव्हा सुट्टीची दुपार होती आणि ती दुकानात एकटी होती. उत्तीर्ण. तिने इस्त्रीचा प्लग काढला की नाही हे वाटेत तिला आठवेना, तेव्हा परत जाऊन बघून आली, आणि मग हॉलपर्यंत जवळजवळ धावतच गेली.

आत सासूबाई मधोमध बसल्या होत्या आणि सांगत होत्या. भोवती कोंडाळं. धाकटीला दारात बघून त्यांनी एक हात वर केला: थांब. रंगात आलेलं बोलणं तोडायला त्या काही तयार नव्हत्या. दुसरा हात बोलतच राहिला, आणि लगेच पहिलाही त्याला जाऊन मिळाला.

धाकटी भिंतीशी उभी राहिली. बातमी पोटात मावत नव्हती. शेजारी एक अनोळखी बाई होती, कडेवर लहानशी मुलगी. मुलगी सासूबाईंच्या हातांकडे टक लावून बघत होती. आईला मात्र कुठे बघावं ते समजत नव्हतं. तिने धाकटीकडे वळून दबक्या आवाजात विचारलं, "अहो, तुम्हाला समजतं का हे? हिला ऐकू येत नाही, आम्हाला आजच कुणी इथलं सांगितलं. त्या काय बोलताहेत?"

धाकटीने सासूबाईंच्या हातांवर नजर लावली. तिचे स्वतःचे हात दोन्ही बाजूंना सैल पडले होते, डावासुद्धा.

"मी लग्न होऊन आले," ती म्हणाली, "त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि मला वाटलं, हे सगळे ओठ हलवणारे लोक आता जन्मभर माझ्याशी बोलणार. संध्याकाळी सगळे गेले. मग माझ्या नवऱ्याने मला दुकान दाखवलं. त्याला बोलता येत नव्हतं माझ्याशी, म्हणून त्याने एक शर्ट पसरला, नीट घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवला. मी ती मोडली आणि माझ्या पद्धतीने घातली. तो हसला. मग त्याने दुसरा शर्ट घेतला…"

"तुमचा नवरा?" बाईने चकित होऊन विचारलं.

"श्श," धाकटी म्हणाली. "मी अजून सांगतेय."